अॅन्सिबल : अटींमधील बूलियन व स्ट्रिंग चले

मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये आणलेल्या अॅन्सिबल या स्वयंचलन प्रणालीत एखादे कार्य करायचे की वगळायचे, हे ‘व्हेन’ या अटीवरून ठरते. अटीचे मूल्यमापन पायथॉनवर आधारित जिंजा प्रणाली करते. ही कार्ये ज्यात लिहितात त्या यॅमल फाइलीत अवतरणचिन्हांविना लिहिलेले ‘यस’, ‘नो’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ हे शब्द बूलियन (सत्य किंवा असत्य) मानले जातात; अवतरणांत घातल्यास किंवा कमांड लाइनवरून ‘नाव=मूल्य’ या रूपात दिल्यास ते स्ट्रिंग (अक्षरमाला) होतात. पायथॉनमध्ये रिक्त नसलेली प्रत्येक स्ट्रिंग अटीत सत्य मानली जाते. त्यामुळे २.१९च्या आधीच्या आवृत्त्यांत ‘फॉल्स’ ही स्ट्रिंगही सत्य ठरून नको असलेले कार्य पार पडू शकते. ते टाळण्यासाठी ‘बूल’ फिल्टरने मूल्य बूलियनमध्ये बदलतात. २.१९ या आवृत्तीपासून अटीचा निकाल बूलियन नसल्यास सर्वसाधारणपणे त्रुटी दाखवली जाते.