बघणाऱ्यांचं टेनिस

२४ जून १९६९. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टावर उजेड कमी होत चालला होता आणि ४१ वर्षांचा पांचो गोन्झालेस वैतागला होता. पहिला सेट २४-२२ असा त्याच्या हातून गेला होता. चेंडू दिसत नाही, खेळ थांबवा, असं त्याचं म्हणणं. खेळ थांबला नाही. चिडलेल्या गोन्झालेसने दुसरा सेट १-६ असा जवळजवळ सोडूनच दिला, आणि तो कोर्टावरून निघाला तेव्हा विम्बल्डनच्या सभ्य म्हणवणाऱ्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने सात मॅचपॉइंट वाचवले, पंचविशीतल्या चार्ली पासारेलला पुढचे तीन सेट १६-१४, ६-३, ११-९ असे हरवले आणि त्याच गॅलऱ्यांनी उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला. ११२ गेम, ५ तास १२ मिनिटं. आणि ही होती पहिली फेरी!

असा सामना आज होऊच शकत नाही. तसा दमसास असलेले खेळाडू आजही आहेत, पण नियमच तशी मुभा देत नाहीत. ते नियम बदलले बघणाऱ्यांमुळे. टेनिसचा इतिहास सांगताना रॅकेटची लाकडी चौकट जाऊन ग्रॅफाइट कधी आलं याची चर्चा खूप होते. प्रेक्षक कुठे बसला होता, हे मात्र कोणी फारसं विचारत नाही. खरं तर त्याची जागा जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा तेव्हा खेळ त्याच्या मागोमाग गेला आहे.

सुरुवातीला ही जागा हिरवळीच्या कडेला होती. १८७७ च्या पहिल्या विम्बल्डनला २२ खेळाडू उतरले आणि अंतिम सामना बघायला एकेक शिलिंग मोजून सुमारे २०० माणसं आली. मधले दोन दिवस स्पर्धा बंद ठेवली होती, कारण लॉर्ड्सवर ईटन आणि हॅरो या शाळांचा क्रिकेट सामना होता आणि आपला प्रेक्षक तिकडेच जाणार हे आयोजकांना पक्कं ठाऊक होतं. टेनिसला स्वतःची अशी गर्दी मिळवून दिली ती पहिल्या महायुद्धानंतर सुझान लाँग्लेनने. या फ्रेंच खेळाडूला बघायला लागणाऱ्या रांगा वर्पल रोडच्या जुन्या मैदानाला झेपेनात. १९२२ मध्ये क्लब चर्च रोडवरच्या प्रशस्त जागेत गेला. सेंटर कोर्ट आज आहे ते तिथेच.

तीच लाँग्लेन १९२६ मध्ये व्यावसायिक झाली आणि विम्बल्डनची दारं तिला कायमची बंद झाली. पैसे घेऊन खेळणारा तो व्यावसायिक, आणि व्यावसायिकाला मोठ्या स्पर्धांत प्रवेश नाही, असा तो काळ. हौशी म्हणवणाऱ्यांना टेबलाखालून पैसे मिळत, ही गोष्ट वेगळी. या सोवळ्याची किंमत प्रेक्षकांनी मोजली. पुढची चाळीसेक वर्षं व्यावसायिक झालेले उत्तमोत्तम खेळाडू विम्बल्डनला दिसतच नव्हते. ते बघायचे तर अमेरिकेतल्या एखाद्या गावातलं सभागृह गाठायचं. गाडीतून आणलेलं कॅनव्हासचं कोर्ट तिथे अंथरलं जाई, रात्री सामना होई आणि पहाटे तेच कोर्ट गुंडाळून मंडळी पुढच्या गावाला निघत. आपल्याकडच्या तमाशाच्या फडाचीच तऱ्हा ती.

२६ डिसेंबर १९४७ च्या रात्री न्यूयॉर्क बर्फाखाली गाडलं गेलं होतं. वाहतूक ठप्प झाली होती. तरीही जॅक क्रेमरचा पहिला व्यावसायिक सामना बघायला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १५,११४ माणसं पोचली. त्या रात्री जिंकला मात्र समोरचा बॉबी रिग्ज. हे नाव लक्षात ठेवायला हवं. १९३९ च्या विम्बल्डनला उपान्त्यपूर्व फेरी गाठणारा पहिला भारतीय, घौस मोहम्मद, त्या फेरीत हरला तो याच रिग्जकडून. आणि हा गृहस्थ टेनिसच्या प्रेक्षकांच्या इतिहासात आणखी एकदा, भलत्याच थाटात येणार होता.

दरम्यान खेळ घराघरांत शिरू लागला होता. बीबीसीने विम्बल्डनचं पहिलं रेडिओ समालोचन केलं १९२७ मध्ये. टेनिस रेडिओवर सांगणं हे महाकठीण काम. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे हवामानापासून जेवणापर्यंत गप्पा मारता येतात. इथे एक फटका सांगेपर्यंत पुढचे दोन होऊन जातात. पुढे मॅक्स रॉबर्टसनसारख्या समालोचकांनी त्यावर बंदुकीच्या फैरीसारखं बोलण्याचा उपाय काढला. २१ जून १९३७ रोजी टेलिव्हिजनचा कॅमेरा सेंटर कोर्टावर आला आणि बनी ऑस्टिन व जॉर्ज रॉजर्स यांच्या सामन्यातली २५ मिनिटं लंडनमधल्या मोजक्या घरांत दिसली. टेलिव्हिजनचा समालोचक मात्र रेडिओवाल्याच्या अगदी उलट निघाला. बीबीसीच्या डॅन मॅस्केलची १९५१ ते १९९१ एवढी मोठी कारकीर्द गाजली ती कमी बोलण्यामुळे. चित्र दिसतंय तर आपण कशाला बडबडायचं, हा त्याचा खाक्या आजच्या समालोचकांना कोणीतरी शिकवायला हवा.

खरी उलथापालथ १९६७ मध्ये झाली. १ जुलैला बीबीसी-टूने विम्बल्डनमधून ब्रिटनमधलं पहिलं रंगीत प्रक्षेपण सुरू केलं. तेव्हा या वाहिनीचे प्रमुख होते डेव्हिड ॲटनबरो, पुढे निसर्गपटांमुळे जगाला माहीत झालेले. लगेच ऑगस्टमध्ये, रंगीत टेलिव्हिजनचं निमित्त साधून, बीबीसीने थेट सेंटर कोर्टावर आठ व्यावसायिकांची स्पर्धा भरवली. रॉड लेव्हरने केन रोझवॉलला हरवलं. ज्यांना विम्बल्डनने बाहेर ठेवलं होतं त्यांच्यासाठी विम्बल्डनच भरून गेलं, तेव्हा हौशीपणाचा आग्रह किती पोकळ आहे हे सगळ्यांनाच दिसलं. पुढच्याच वर्षी मोठ्या स्पर्धा सर्वांसाठी खुल्या झाल्या. १९६८ च्या विम्बल्डन विजेत्याला २,००० पौंड मिळाले, विजेतीला ७५०.

या ७५० चा हिशेब ती विजेती, बिली जीन किंग, विसरली नाही. २० सप्टेंबर १९७३ ला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये तिच्यासमोर होता ५५ वर्षांचा बॉबी रिग्ज, आपला तोच रिग्ज, बायकांचं टेनिस पुरुषांपुढे काहीच नाही असं जाहीरपणे सांगत फिरणारा. ती पालखीत बसून आली, तो रिक्षातून. प्रत्यक्ष ३०,४७२ प्रेक्षक, आणि जगभर टीव्हीसमोर सुमारे ९ कोटी. किंग ६-४, ६-३, ६-३ अशी सहज जिंकली. सामन्याचा दर्जा यथातथाच होता. पण ज्यांनी आयुष्यात कधी टेनिस बघितलं नव्हतं असे लाखो लोक त्या रात्री टेनिसचे प्रेक्षक झाले, आणि टेनिस हा क्लबच्या सदस्यांचा खेळ आहे हा समज तिथे संपला.

टीव्हीला वेळेत संपणारा खेळ हवा होता. बरोबरीत अडकलेला सेट चटकन संपवणारा टायब्रेक १९७० मध्ये अमेरिकन ओपनने आणला. तो सुरू झाला की कोर्टावर लाल झेंडा लावत, म्हणजे इतर कोर्टांवरची माणसं धावत तिकडे येत. विम्बल्डनने पुढच्या वर्षी तो स्वीकारला, पण ८-८ नंतर. ६-६ वर यायला १९७९ उजाडलं. चेंडूचंही तसंच. पांढरा चेंडू पडद्यावर नीट दिसत नाही म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने १९७२ मध्ये पिवळ्याला मान्यता दिली. विम्बल्डनने १९८६ पर्यंत पांढराच चालवला. हट्ट असावा तर असा.

भारतात या सगळ्याची चाहूल उशिरा लागली. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीत पोचले, पण त्यांचा खेळ इथल्या चाहत्यांनी वाचला, पाहिला नाही. निकाल दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात. प्रत्यक्ष बघायचं तर डेव्हिस करंडकाची लढत आपल्या गावी यायला हवी. पुण्याला ते भाग्य १९७४ मध्ये लाभलं. डेक्कन जिमखान्याच्या हिरवळीवर भारताने सोव्हिएत संघाला ३-१ हरवलं आणि अंतिम फेरी गाठली. ती फेरी मात्र कोणालाच बघायला मिळाली नाही. समोर वर्णभेदी दक्षिण आफ्रिका होती आणि भारताने खेळायला नकार दिला. करंडक न खेळता गेला. त्या पिढीच्या पुणेकर चाहत्याला याची हळहळ वाटली असेल, पण निर्णय योग्यच होता.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर विम्बल्डनचे अंतिम सामने दिसू लागले, आणि मराठी घरात टेनिसची वेळ ठरली: जुलैतला रविवार, संध्याकाळी साडेसहा. लंडनला दुपारचे दोन वाजलेले असत. बाहेर पाऊस, आत संचासमोर अर्धी चाळ. बिगरमानांकित, १७ वर्षांचा बोरिस बेकर १९८५ मध्ये जिंकला तेव्हा ‘ड्यूस’ म्हणजे काय हे न कळणाऱ्यांनाही तो हवेत झेपावणारा पोरगा कळला. ज्यांना वर्षात एवढे एक-दोनच सामने दिसत, त्यांना ते फटक्यानिशी आठवतात. सगळं दिसणाऱ्या पिढीचं तसं होत नाही, आणि त्यात तिचा दोष नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला स्टार टीव्ही आणि प्राइम स्पोर्ट्स आले, केबलवाल्याने गच्चीवरून तारा टाकल्या, आणि अंतिम सामन्यापुरता असलेला पाहुणा पंधरा पंधरा दिवस मुक्कामाला राहू लागला. विजय अमृतराज यांना खेळताना न पाहिलेल्या मुलांनी त्यांना आधी समालोचक म्हणून ओळखलं. चाहत्याचं घड्याळही बदललं. ऑस्ट्रेलियन ओपनसाठी सकाळची कामं लांबू लागली, फ्रेंच ओपन दुपारच्या झोपेवर आलं आणि न्यूयॉर्कचं रात्रीचं सत्र पहाटे साडेचारचा गजर लावून बघितलं जाऊ लागलं. ६ जुलै २००८ रोजी नदालने फेडररला हरवलं तेव्हा विम्बल्डनला अंधार पडला होता आणि भारतात रात्रीचे पावणेदोन वाजले होते. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, तरी कोणी झोपलं नव्हतं.

याच काळात एक उलटी गोष्ट घडली. घरी बसलेल्याला पंचापेक्षा जास्त दिसू लागलं. २००४ च्या अमेरिकन ओपनमध्ये सेरेना विल्यम्स आणि जेनिफर कॅप्रिआटी यांच्या सामन्यात सेरेनाच्या विरोधात चुकीचे निर्णय गेले. पडद्यावर ते जगाला स्पष्ट दिसत होते, खुर्चीवरच्या पंचांना नाही. दोन वर्षांत खेळाडूला निर्णयाला आव्हान द्यायची मुभा मिळाली, आणि गॅलरीला एक नवा खेळ सापडला. मोठ्या पडद्यावर चेंडूची वाट उमटत असताना सगळं स्टेडियम लयीत टाळ्या वाजवी. आता बहुतेक स्पर्धांत यंत्र आपणच ‘आउट’ ओरडतं, त्यामुळे त्या टाळ्याही गेल्या. २०२५ मध्ये विम्बल्डनने रेषापंचांना कायमची रजा दिली. त्याच वर्षी सेंटर कोर्टावर चुकून यंत्राचा काही भाग बंद राहिला आणि पाव्ल्युचेन्कोवा व कार्टल यांच्या सामन्यातला एक स्पष्ट बाहेर गेलेला चेंडू कोणीच पुकारला नाही. गुण पुन्हा खेळवावा लागला.

आजचा चाहता फोनवर बघतो, बरेचदा तुकड्यांत. त्याला धीर नाही अशी तक्रार जुनी मंडळी करतात, ती अर्धीच खरी आहे. ८ जून २०२५ ला अल्काराझ आणि सिनर यांनी पॅरिसमध्ये ५ तास २९ मिनिटं खेळून फ्रेंच ओपनचा सर्वांत लांबलेला अंतिम सामना दिला, आणि तरुण पोरं शेवटच्या गुणापर्यंत त्याला चिकटून होती. घाई बघणाऱ्यांपेक्षा आयोजकांनाच जास्त आहे. २०१० मध्ये विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांचा पाचवा सेट ७०-६८ पर्यंत गेला, ४७-४७ वर फलकानेच मान टाकली, तीन दिवस जग ते बघत राहिलं, आणि त्यातून धडा काय घेतला तर २०२२ पासून चारही मोठ्या स्पर्धांत निर्णायक सेटलाही टायब्रेक. गॅलरीतली शांतता मात्र खरोखरच ओसरली आहे. पॅरिसमध्ये एका प्रेक्षकाने खेळाडूच्या अंगावर च्युइंगम थुंकल्याची तक्रार झाली आणि २०२४ मध्ये रोलाँ गारोसला गॅलरीत दारू बंद करावी लागली. गोन्झालेसची हुर्यो त्यामानाने सौम्यच म्हणायची.

पुण्यात डेव्हिस करंडक परतला तो ४३ वर्षांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, बालेवाडीत. भारताने न्यूझीलंडला ४-१ हरवलं. पुढे २०१८ ते २०२३ दरम्यान तिथल्याच स्टेडियमवर एटीपीची महाराष्ट्र ओपन झाली, आणि २०१९ मध्ये केव्हिन अँडरसन व इव्हो कार्लोविच या दोन ताडमाड खेळाडूंचा तीन टायब्रेकचा अंतिम सामना पुणेकरांनी समोर बसून पाहिला. ती स्पर्धा आता नाही. पण डेक्कन जिमखान्यावर महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, बालेवाडीत चॅलेंजर होते, आणि मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर महिलांची मुंबई ओपन. तिथे सर्व्हिसचा आवाज समालोचकाविना ऐकू येतो, चेंडूवरचा स्पिन डोळ्यांना दिसतो आणि तिकिटासाठी रात्रभर रांगेत तंबू ठोकावा लागत नाही. फोन खिशात ठेवून एखादी दुपार तिथे जाऊन बसावी.