टीडीएस म्हणजे पाणी, कर की गोळी?

मुळशी तालुका म्हणजे एका टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क आणि दुसऱ्या टोकाला पौडपलीकडच्या वाड्या. मुलगा कंपनीत, अब्बा शेतात आणि अम्मी शुगर-बीपीच्या गोळ्यांवर, अशी घरं आपल्याकडे बरीच. कंपनी, बँक आणि दवाखाना या तिन्हींकडून इंग्रजी लघुरूपं घरात येतात. अक्षरं तीच, अर्थ वेगळे.

एका विद्यार्थ्याने मला विचारलं, "सर, अम्मीच्या चिठ्ठीवर टीडीएस लिहिलंय. म्हणजे फिल्टरचंच पाणी प्यायचं का?" वर्ग हसला. पण त्या घरी दिवसातून तीनदा घ्यायची गोळी चार दिवस एकदाच घेतली जात होती.

खरं तर लघुरूपं आपल्याला नवी नाहीत. 'हजरत उमर (रजि.)' वाचताना आपण आपोआप 'रजियल्लाहु अन्हु' म्हणतो. तेच 'रजि.' टपालाच्या पाकिटावर असेल तर रजिस्टर्ड. संदर्भ माहीत असतो म्हणून गोंधळ होत नाही. तसाच संदर्भ खालच्या शब्दांचाही माहीत हवा.

टीडीएस : चिठ्ठीवर दिवसातून तीन वेळा. बँकेत किंवा पगारात, आधीच कापलेला आयकर. जास्त कापला गेला असेल तर रिटर्न भरून परत मागता येतो. पाण्याच्या फिल्टरवर, पाण्यात विरघळलेले क्षार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत.

ओडी : चिठ्ठीवर दिवसातून एकदा. चष्म्याच्या नंबरात उजवा डोळा (डाव्यासाठी ओएस). बँकेत ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात शिल्लक नसताना ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचललेली रक्कम. तिच्यावर व्याज लागतं.

बीडी : दिवसातून दोन वेळा. विडीशी संबंध नाही!

एसओएस : समुद्रात संकटात सापडलेल्या जहाजाची हाक. चिठ्ठीवर मात्र 'गरज वाटली तरच'. ताप नसेल तर तापाची एसओएस गोळी घ्यायची नाही. 'तातडीने घ्या' असा अर्थ लावू नये.

एसी, पीसी : घरात थंड हवेचं यंत्र आणि संगणक. चिठ्ठीवर जेवणाआधी आणि जेवणानंतर.

सीसी : गाडीच्या इंजिनाचं माप. इंजेक्शनमध्ये एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर. ईमेलमध्ये दुसऱ्याला पाठवलेली प्रत. व्यापाऱ्याच्या बँक खात्यात कॅश क्रेडिट.

एमआर : शाळेतून आलेल्या कागदावर गोवर-रुबेला लस. हृदयाच्या इको रिपोर्टवर झडपेतून रक्त मागे गळणं. दवाखान्यात बॅग घेऊन बसलेला एमआर म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी.

सीए : हिशेब तपासणारा. रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम. डॉक्टरांच्या नोंदीत कर्करोगासाठीही हीच अक्षरं येतात. म्हणून रिपोर्ट मोबाइलवर शोधून घाबरण्यापेक्षा डॉक्टरांनाच विचारावं.

चिठ्ठीवरची यातली बरीच अक्षरं लॅटिन भाषेतून आलेली आहेत. त्यांचा धोका डॉक्टरांनाही ठाऊक आहे. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये टाळायच्या लघुरूपांची यादी केली. युनिटसाठी लिहिलेलं नुसतं 'यू' त्यात आहे. घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि इन्सुलिनचे ४ युनिट ४० वाचले जातात. आपल्याकडेही औषधांची नावं वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये केला.

रमजानमध्ये तर हे आणखी महत्त्वाचं. टीडीएस गोळी रोज्यात तीनदा घेता येत नाही, म्हणून अनेकजण दुपारची गोळी परस्पर सोडतात, किंवा इफ्तारला दोन एकदम घेतात. दोन्ही धोक्याचं. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू असेल तर रोज्यात साखर एकदम उतरू शकते. रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा. काही औषधं बदलून सहरी आणि इफ्तारच्या वेळेत बसवता येतात. आणि आजारी माणसाला रोज्याची सवलत खुद्द कुरआनने सूरह बकरामध्ये दिली आहे.

औषध घेताना मेडिकलवाल्याला सांगा, पाकिटावर 'सकाळी १, दुपारी १, रात्री १, जेवणानंतर' असं मराठीत किंवा उर्दूत लिहून द्या. विचारायला लाजू नका. न समजलेलं विचारणं हाही इल्मचाच भाग आहे.