तात्या विंचूची भीती

लाकडी बाहुला चालत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. तरीही ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू पडद्यावर आला की अंगावर काटा येतोच. महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ सालचा. मरता मरता गुंड आपला आत्मा बाहुल्यात घालतो, ही कल्पना १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटातली. तिकडे बाहुला लहान मुलाचं खेळणं होता. इकडे तो शब्दभ्रमकाराचा बोलका बाहुला झाला. तो घडवला रामदास पाध्ये यांनी. पाध्यांच्या अर्धवटरावांनी मराठी घरांना आधीच हसवलं होतं. आता हसवणारंच जिवावर उठलं!

पण खरी भीती वेगळीच आहे. बाहुला जिवंत आहे, असं लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या जीव तोडून सांगतो आणि लोक त्याला वेड्यात काढतात. हे कळायला भुताखेतांवर विश्वास लागत नाही. मराठी-कन्नड शेजारी नांदणाऱ्या मैंदर्गीतही ते तितकंच भिडेल.

बेर्डे २००४ साली गेले. २०१३ साली बाहुला पुन्हा पडद्यावर आला. घरातलं मूल ‘भीती वाटते’ म्हणालं, तर हसण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं, एवढं लक्ष्याकडून शिकता येईल.