लोगो कासव

वर्गात गणित व विज्ञान शिकवण्यासाठी वापरला जाणारा, विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आज्ञांनुसार जमिनीवर फिरणारा चाकांचा छोटा यंत्रमानव. आजच्या शालेय रोबोटिक्सचा उगम त्याच्यात आहे.

त्याला चालवणारी लोगो ही संगणकभाषा १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे वॉली फॉयर्झाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी घडवली. कासव थोड्याच वर्षांत एमआयटीत आले. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्याकडे काम करून आले होते. ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस बनवलेली, उजेडाकडे सरकणारी ‘एल्मर’ व ‘एल्सी’ ही यांत्रिक कासवे या यंत्राचे पूर्वज होत.

कासवाच्या पोटाशी पेन असे. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ या आज्ञा चार वेळा दिल्या की कागदावर चौरस उमटे. अडलेले मूल उठून स्वतः तसे चालून पाही आणि कुठे वळायचे ते ठरवी. पॅपर्ट यांचा सारा भर या चालून पाहण्यावर होता.

पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने याहून बोलका प्रयोग अँड्रिया डिसेसा यांचा. त्यांच्या पडद्यावरच्या कासवाला घर्षण नव्हते. प्रत्येक धक्का आधीच्या वेगात मिसळत असे. वर जाणाऱ्या कासवाला उजवीकडे धक्का दिला की ते सरळ उजवीकडे वळेल, असे मुलांनी गृहीत धरले. ते गेले तिरके. न्यूटनचे नियम शिकलेले महाविद्यालयीन विद्यार्थीही इथे फसले. १९८२ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास भौतिकी शिकवणाऱ्याने मुळातून वाचावा.

पडद्यावर घर्षण काढून टाकता येते, जमिनीवर नाही. विज्ञानाला खरे खाद्य तिथेच मिळते. ५.६ सेंमी. व्यासाचे चाक एका फेरीत सुमारे १७.६ सेंमी. जाते. दहा फेऱ्यांनी १७६ सेंमी. व्हायला हवेत, पण चाक घसरते, फरशी आणि सतरंजीवर अंतर वेगळे भरते. अंतर मोजणारा श्रवणातीत संवेदक प्रतिध्वनीचा वेळ मोजतो: २०° से. तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मी., म्हणजे एक मीटरवरच्या भिंतीहून आवाज परतायला जेमतेम ५.८ सहस्रांश सेकंद. समोर भिंतीऐवजी जाड पडदा धरला की प्रतिध्वनी क्षीण होऊन मोजमाप बिघडू शकते. का, हे शोधताना ध्वनीचा धडा आपोआप उलगडतो. दुर्दैवाने यंत्रमानव रेषेवरून चालला की टाळ्या वाजवून तास संपवण्याचीच चाल अधिक.

पॅपर्ट यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) या पुस्तकाचे नाव लेगो कंपनीने १९९८ साली आपल्या रोबोटिक्स संचाला दिले. भारतात नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून (२०१६) सहावी ते बारावीच्या वर्गांपर्यंत, महाराष्ट्रातील शाळांतही, अशी साधने पोहोचली.

टीकाही झाली. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांना १९८४च्या सुमारास असे आढळले की लोगो शिकलेली मुले इतर कामांचे नियोजन अधिक चांगले करतात, असे दिसत नाही. औषधाचा गुण तपासावा तसा भाषेचा गुण तपासता येत नाही, वर्गाचे सारे वातावरण पाहावे लागते, असे पॅपर्ट यांचे उत्तर होते. ते पटण्याजोगे आहे. मात्र मग यशाचे श्रेयही एकट्या कासवाला देता येत नाही.