चित्राखालचे नाव

1735 सालच्या वसंतात लंडनमध्ये विल्यम होगार्थच्या घरी चित्रे पाहायला येणारे सगळेच रसिक नव्हते. 'अ रेक्स प्रोग्रेस' ही आठ चित्रांची मालिका त्याने रंगवून ठेवली होती. तिचे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले ठसे यथावकाश विक्रीला यायचे होते आणि तोवर मूळ तैलचित्रे येऊन पाहण्याची मुभा होती. छापील चित्रांच्या व्यापाऱ्यांनी नेमका तिचाच फायदा घेतला. त्यांची माणसे येत, चित्र डोळ्यांत साठवत आणि बाहेर पडून आठवणीने रेखाटत. होगार्थचे अस्सल ठसे बाजारात येण्याआधीच या नकला दुकानांत लागल्या. आठवणीवर विसंबल्यामुळे त्यांत तपशील चुकले होते, पण गिऱ्हाइकाला त्याचे काय! संकेतस्थळावरचे फोटो चोरीला जाऊ नयेत म्हणून राइट-क्लिक बंद करावे की वॉटरमार्क ठोकावा, हा वाद घालणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. कॅमेरा नाही, संगणक नाही, हातात कागदसुद्धा नाही, तरी चित्र उतरले. जे दाखवायचे ते उतरवले जाणारच, हे गेल्या पाचशे वर्षांत कधीच बदललेले नाही. चित्रकाराच्या हाती काही टिकले असेल तर ते चित्राला चिकटलेले त्याचे नाव, आणि त्या नावामागे उभा राहिलेला कायदा.

होगार्थच्या आधी सव्वादोनशे वर्षे हाच पेच जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्युररपुढे होता. मार्कान्तोनिओ रायमोंदी या इटालियन कारागिराने ड्युररचे कुमारी मेरीच्या जीवनावरचे लाकडी ठसे तांब्यावर हुबेहूब उतरवले, आणि त्यावर ड्युररची ए आणि डी ही अक्षरे गुंफलेली नाममुद्राही उठवली. ड्युररने व्हेनिसच्या राज्यकर्त्यांकडे दाद मागितली आणि त्यांनी रायमोंदीला फक्त नाममुद्रा वापरायची मनाई केली, असे चित्रकारांची चरित्रे लिहिणारा वसारी सांगतो. वसारीच्या अशा कहाण्या जपूनच घ्याव्या लागतात. पण रायमोंदीने पुढे ड्युररच्या दुसऱ्या एका मालिकेच्या नकला केल्या त्यांवर ती नाममुद्रा नाही, आणि 1512 साली न्युरेंबर्गच्या नगरपरिषदेनेही ड्युररच्या खोट्या नाममुद्रेची चित्रे विकणाऱ्याला ती खोडायला लावली होती. नक्कल चालेल, पण नाव चोरायचे नाही, असा हा निवाडा. आज तो अर्धवट वाटतो, आणि आहेही. पण चित्राचा कुठला भाग राखता येण्यासारखा आहे, याचा अंदाज त्या काळच्या कारभाऱ्यांना बरोबर आला होता.

होगार्थला अर्धा निवाडा पुरणार नव्हता. 1732 साली त्याची 'अ हार्लट्स प्रोग्रेस' ही सहा चित्रांची मालिका एक गिनी वर्गणीला हातोहात खपली आणि पाठोपाठ तिच्या स्वस्त नकलांचे पीक आले. नक्कल करणाऱ्याला कथा सुचावी लागत नाही, मांडणीसाठी डोके खाजवावे लागत नाही. तांब्याचा पत्रा आणि हाताखाली एक कारागीर एवढे भांडवल त्याला पुरते. होगार्थने बरोबरीच्या चित्रकारांना घेऊन पार्लमेंटकडे अर्ज केला आणि 1735 साली कोरीव चित्रांचा कायदा झाला. चौदा वर्षांचा हक्क, नकली पत्रे आणि चित्रे जप्त करून नष्ट करायची आणि दर नकली चित्रामागे पाच शिलिंग दंड. या तरतुदी सगळे सांगतात. त्यातली एक अट मात्र फारशी कोणी बोलत नाही, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. पत्र्यावर आणि त्यावरून निघणाऱ्या प्रत्येक चित्रावर मालकाचे नाव आणि प्रकाशनाचा दिवस कोरलेला हवा. पुस्तकाप्रमाणे चित्राला नावाचे वेगळे पान नसते. ते भिंतीवर जाते, अल्बममध्ये जाते, दुकानाच्या काचेवर लागते, आणि जाईल तिथे एकटेच जाते. म्हणून हक्काचा पुरावा चित्राच्या अंगावरच हवा, हे त्या कायद्याने ओळखले. 'अ रेक्स प्रोग्रेस'चे ठसे होगार्थने मुद्दाम रोखून धरले, आणि कायदा लागू होताच 25 जून 1735 ही तारीख कोरून बाहेर काढले.

त्यानंतर त्याने जे केले ते कायद्याइतकेच शहाणपणाचे होते. अस्सल मालिकेची किंमत दोन गिनी, म्हणजे बेचाळीस शिलिंग. एवढे पैसे नसलेल्यांसाठी त्याने थॉमस बेकवेल या व्यापाऱ्याला लहान आकाराच्या नकला काढायची परवानगी दिली. त्यांची किंमत अडीच शिलिंग. चोरीच्या मालाला गिऱ्हाईक मिळते ते मुख्यतः स्वस्ताईमुळे, हे होगार्थ पुरता जाणून होता. त्याच्या मृत्यूनंतर 1767 साली कायदा सुधारला, मुदत अठ्ठावीस वर्षांची झाली, आणि त्याची पत्नी जेन हिला त्याच्या चित्रांवर आणखी वीस वर्षांचा खास हक्क मिळाला. एका चित्रकाराच्या विधवेचे घर पतीच्या जुन्या पत्र्यांवर चालावे, अशी तजवीज पार्लमेंटने केली.

कॅमेरा आला आणि वादाला नवे तोंड फुटले. प्रकाश काचेवर पडतो, रसायने आपले काम करतात, यात माणसाचे कर्तृत्व कोणते, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. ब्रिटनने 1862 च्या कायद्यात चित्रांच्या जोडीला फोटो घेतले, पण स्टेशनर्स हॉलमधल्या वहीत नोंद केल्याशिवाय दावा चालत नसे. अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो ऑस्कर वाइल्डच्या एका फोटोमुळे. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार नेपोलियन सॅरोनी याने 1882 साली तो काढला. बरो-जाइल्स या शिळाछाप कंपनीने त्याच्या 85,000 प्रती छापल्या, आणि खटला उभा राहिल्यावर बचाव असा केला की फोटो यंत्राने निघतो, त्याला लेखक नसतोच. 1884 साली न्यायालयाने सांगितले की वाइल्डला कसे बसवायचे, अंगावर काय घालायचे, पडदा कुठला, उजेड कसा पाडायचा, हे सगळे सॅरोनीने ठरवले, म्हणून हे चित्र त्याचे. निकालाचा हा भाग जगभर शिकवला जातो. त्याच खटल्यातला दुसरा मुद्दा मात्र बाजूला पडतो. फोटोवर सॅरोनीचे पूर्ण नाव नव्हते, आद्याक्षर आणि आडनाव तेवढे होते. एवढी सूचना पुरेशी आहे का, असा आक्षेप कंपनीने घेतला होता. न्यायालय म्हणाले, पुरेशी आहे. बघणाऱ्याला मालक कोण ते कळले म्हणजे झाले. जवळजवळ दीडशे वर्षांनी फेसबुकच्या भिंतीवर फोटो टाकणाऱ्यांना यापेक्षा सोपा सल्ला देता येणार नाही.

आपल्याकडे चित्राला कायद्याचे छत्र फार उशिरा मिळाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत 1847 साली झालेला कायदा पुस्तके, संगीत, नकाशे यांच्यापुरता होता. ब्रिटनचा 1862 चा चित्रांचा कायदा वसाहतींपर्यंत पोचत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये कॅनडातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले. नेमक्या याच काळात मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना उभा राहिला, 1894 साली. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती पडला. छापखान्याबरोबर कित्येक चित्रे छापायचे हक्कही त्याच्याकडे गेले. लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी पोचल्या त्या तिथूनच, आणि नकला झाल्या त्याही त्यांच्याच. कॅलेंडरवर, कापडाच्या गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्यांवर, आगपेट्यांवर रविवर्मांच्या देवी उतरल्या. काही ठिकाणी साडीचा रंग बदलून, काही ठिकाणी तोंडवळा बिघडवून. 1914 साली ब्रिटिश कायद्याच्या बेताने भारतीय कायदा आला, त्यात फोटोचा लेखक मानला गेला तो निगेटिव्हचा मालक. म्हणजे बटण दाबणारा नोकरदार असेल तर त्याच्या वाट्याला पगार, आणि नाव स्टुडिओच्या मालकाचे. 1957 च्या कायद्याने फोटो काढणारा हाच लेखक असे ठरवले, पण चित्रकाराला हयातभर आणि वर पन्नास वर्षे हक्क असताना छायाचित्रकाराला प्रकाशनापासून मोजून पन्नास वर्षे दिली. ही तफावत 2012 च्या दुरुस्तीने मिटवली. आता फोटोचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे चालतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. रविवर्मांच्या देवींच्या नकला झाल्याच नसत्या, तर त्या गरिबाच्या देव्हाऱ्यात कशा गेल्या असत्या? नकलेने कला पसरते, नाव आणि हक्क यांचे कुंपण तिला अडवते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. यातला पसरण्याचा भाग खरा आहे. पण रविवर्मांनी छापखाना काढला तोच मुळी चित्रे स्वस्तात पोचावीत म्हणून, आणि होगार्थची अडीच शिलिंगांची मालिका हक्क मिळाल्यावर निघाली, हक्काविना नव्हे. स्वस्त प्रत आणि चोरटी प्रत यांची गल्लत करायचे कारण नाही. देव्हाऱ्याला स्वस्त प्रत हवी होती. त्या प्रतीवरून चित्रकाराचे नाव खरवडले जावे, अशी देव्हाऱ्याची कधीच मागणी नव्हती.

संकेतस्थळे आली आणि चित्रकारांना पुन्हा कुलपाचा मोह पडला. राइट-क्लिक बंद करणारी स्क्रिप्ट, फोटोवर पांघरलेली अदृश्य प्रतिमा, एकाच फोटोचे चौकोनी तुकडे करून शेजारी शेजारी मांडणे, असे उपाय निघाले. या साऱ्यांचा पायाच कच्चा आहे. ब्राउझरला फोटो दाखवायचा तर त्याची फाइल आधी वाचकाच्या यंत्रावर उतरवून घ्यावीच लागते. वाचकाला फोटो दिसला याचा अर्थ तो त्याच्याकडे पोचलेला आहे. वर स्क्रीनशॉट आहेच. वॉटरमार्कचे म्हणाल, तर 2017 साली गुगलच्याच संशोधकांनी दाखवून दिले की फोटो विकणाऱ्या कंपन्या हजारो चित्रांवर तीच खूण त्याच पद्धतीने उमटवतात, आणि त्या सारखेपणामुळेच ती खूण संगणकाला ओळखता येते आणि आपोआप पुसता येते. मोठ्या संग्रहावर सरसकट लावलेली खूण स्वतःचीच किल्ली बाळगून असते. कमी आकाराची फाइल टाकणे हा एकच उपाय काम करतो, कारण त्यात कुलूप नाहीच. छापण्याजोगी प्रत मुळात बाहेर जातच नाही.

यावर कोणी म्हणेल, कुलूप सराईत चोरासाठी नसतेच, सहज हात मारणाऱ्याला अडवले तरी पुष्कळ झाले. हे मान्य करायला हरकत नाही. पण किंमत कोण मोजतो तेही पाहावे. राइट-क्लिक बंद केल्याने चोर अडत नाही, वाचक मात्र वैतागतो. फोटोच्या मधोमध आडवे अक्षर ठोकले की बिघडते ते फोटो काढणाऱ्याचेच काम. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. साताऱ्याच्या किंवा सावंतवाडीच्या छायाचित्रकाराने नाव घातले, पण कोर्टाची पायरी चढायला त्याच्याकडे पैसा आणि वेळ कुठून येणार? खरे आहे. नाव म्हणजे वकील नव्हे. तरीही ते नसले तर काय होते, हे डॅनियल मोरेल या हैतीच्या छायाचित्रकाराच्या बाबतीत दिसले. जानेवारी 2010 मधल्या भूकंपाचे फोटो त्याने ट्विटरवरून लोकांपुढे ठेवले. ते दुसऱ्याच एकाने आपले म्हणून टाकले, तिथून एएफपी या वृत्तसंस्थेने उचलले आणि गेटी इमेजेसमार्फत ते जगभर गेले, तेही त्या दुसऱ्याच्या नावाने. मोरेलला मागाहून नाव दुरुस्त करून मिळाले, पण तोवर वर्तमानपत्रे छापून झाली होती. 2013 साली न्यूयॉर्कच्या ज्युरीने त्याला सुमारे 12 लाख डॉलर भरपाई दिली. बचावात ट्विटरच्या नियमांचा आधार घेतला गेला होता, तो न्यायालयाने आधीच फेटाळला होता. नाव उडाले की चित्र बेवारस दिसते, आणि बेवारस वस्तूला वारस सांगायला कोणीही पुढे येते. मोरेलचा दावा टिकला, कारण फोटो आपले आहेत हे त्याला सिद्ध करता आले.

होगार्थच्या कायद्याने पत्र्यावर कोरायला लावलेले नाव आणि दिवस आज फोटोच्या फाइलमध्ये लिहिता येतात. वृत्तपत्रांच्या आयपीटीसी या संस्थेने त्यासाठी ठरवलेले रकाने 1990 च्या दशकापासून वापरात आहेत: काढणारा कोण, हक्क कोणाचा, कधी काढला. दुखणे असे की फोटो चढवताना अनेक समाजमाध्यमे ही माहिती गाळून टाकतात, आणि चोराला त्यासाठी हातही हलवावा लागत नाही. भारतीय कायद्यात 2012 मध्ये आलेले 65 ब हे कलम अशी माहिती जाणूनबुजून, परवानगीवाचून काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. याच कामासाठी 2021 साली अ‍ॅडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदींनी मिळून फोटोचा उगम आणि त्यात झालेले बदल फाइलमध्येच नोंदवण्याचे एक मानक हाती घेतले. कृत्रिम बुद्धिमत्ता फोटो गिळून नवी चित्रे ओकू लागल्यावर नुसते नाव पुरणार नाही, हे उघड आहे. तिथे काय शिकवायला वापरले याची जाहीर नोंद मागावी लागेल. पण ती मागणी करायलाही आपले कोणते, हे आधी दाखवता आले पाहिजे.

आपल्या मराठी प्रकाशनांनी तरी यात एक गोष्ट आजपासून करण्यासारखी आहे. दिवाळी अंकांत, पुरवण्यांत, स्मरणिकांत फोटोखाली 'सौजन्य : इंटरनेट' किंवा 'सौजन्य : गुगल' असे छापायची रीत पडली आहे. गुगलने तो फोटो काढलेला नाही आणि इंटरनेटला मानधन लागत नाही. फोटो कोणाचा हे शोधावे, विचारावे, नाव छापावे. सापडत नसेल तर तो फोटो वापरू नये. आणि छायाचित्रकारांनी कॅमेऱ्यात आपले नाव एकदा भरून ठेवावे, मूळ रॉ फाइल कोणालाही देऊ नये. दावा उभा राहिला तर पुरावा म्हणून तीच कामाला येते.