काट्याकडून आकड्याकडे : पुण्यातील दुचाकीच्या मीटरासंबंधी काही विचार

इंग्रजीतील ‘डॅशबोर्ड’ हा शब्द मुळात यंत्राचा नव्हे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीच्या पुढील बाजूस जी फळी ठोकीत, तिचे हे नाव. पुढे घोडा गेला, फळी राहिली आणि तिच्यावर मापकयंत्रे येऊन बसली. मराठी माणसाने दुचाकीच्या बाबतीत हा शब्द फारसा पत्करलेला दिसत नाही. त्या साऱ्या मांडणीस तो ‘मीटर’ म्हणतो, आणि मीटरात जे हलते त्यास ‘काटा’. तराजूचा काटा, घड्याळाचा काटा आणि वेगाचा काटा अशी ही एकाच शब्दाची परंपरा आहे. पुण्यातील दुचाकीवरून हा काटा कसा मागे सरला आणि त्याच्या जागी आलेल्या आकड्याने कोणता प्रश्न उभा केला, एवढ्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

काट्याच्या वेगमापकाचे पेटंट ओटो शुल्झे याने १९०२ साली घेतले. त्याची रचना मोठी साधी आहे. चाकाबरोबर फिरणारी तार केबलमधून वर येते व एक लोहचुंबक फिरविते. त्यावर पालथी घातलेली धातूची वाटी चुंबकास न शिवताही त्याच्यामागे ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जेथे थांबेल तो वेग. त्याच तारेवर आकड्यांची लहान चाके दातऱ्यांनी फिरत राहून एकूण अंतर नोंदवितात.

आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ साली ‘चेतक’ बाहेर पडली. (डॅशबोर्डवरून गेलेला घोडा येथे निदान नावाने तरी परतला!) जुन्या चेतकवर पेट्रोलचा काटा नसे. गाडी अडखळली की चालक तोटी फिरवी, आणि तेवढ्याने भागले नाही तर भर रस्त्यात स्कूटर एका अंगावर कलती करी. ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हा प्रयोग त्या काळात घरोघरी रुळला. तोटी राहिली नाही, तरी तो आजही ऐकू येतो. २००१ साली ‘पल्सर’ आली. २००६ च्या सुधारित पल्सरवर वेग काट्याऐवजी आकड्यांत दिसू लागला. काटा उरला तो इंजिनाचे फेरे दाखविण्यापुरता. २०१९ साली विजेवर चालणारी नवी चेतक जाहीर झाली, तिच्यावर तोही नाही.

कारखान्यांच्या या इतिहासास समांतर असा एक घरगुती इतिहासही पुण्यात घडत असतो. नाना पेठेतून सुटे भाग आणि तपकीर गल्लीतून विद्युत्साहित्य आणून जुन्या मोटारसायकलीस स्वतःच आकड्यांचे मीटर बसविणारे तरुण येथे आढळतात. आमच्या परिचयातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने वडिलांच्या मोटारसायकलीवर हा उद्योग केला, तो जवळून पाहावयास मिळाला. पुढच्या चाकावर एक लहान चुंबक आणि त्यासमोर, एडविन हॉल याने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर चालणारा संवेदक, एवढीच मूळ सामग्री. प्रत्येक फेऱ्यास एक ठोका पडतो. चाकाचा घेर जमिनीवर खडूची खूण करून मोजला, तो १.९ मीटर भरला. प्रथम त्याने सेकंदातील ठोके मोजले. परंतु सेकंदास एक ठोका म्हणजे ताशी जवळजवळ ७ किलोमीटर, त्यामुळे आकडा सातासातांच्या उड्या मारू लागला. मग ठोके मोजण्याचे सोडून दोन ठोक्यांमधील काळ मोजला. ताशी ६० किलोमीटर वेगास तो सेकंदाच्या सुमारे नवव्या भागाइतका येतो. आकडा स्थिरावला, पण गाडी उभी राहिली की ठोकाच येईना, आणि पडद्यावर शेवटचा वेग तसाच गोठून राही. अमुक काळ ठोका आला नाही तर शून्य समजावे, हे यंत्रास निराळे सांगावे लागले. काट्यास हे कोणी शिकविले नव्हते. तार थांबली की स्प्रिंग त्याला आपोआप शून्यावर नेई.

खरी अडचण पुढेच होती. जुन्या मीटरावर ४८,३१७ किलोमीटर होते. नव्या यंत्राच्या स्मृतीत हा आकडा घालावयाचा तर तो हातानेच घालणे भाग होते, आणि हाताने ४८ हजारांऐवजी १८ हजार घालणेही तितकेच सोपे. जुनी गाडी विकत घेणारा याच आकड्यावर विसंबून असतो. शिवाय अशा साध्या यंत्रांतील स्मृतीचा एक कप्पा सुमारे १ लाख वेळा लिहिण्यापुरताच टिकाऊ असतो. दर शंभर मीटरांस त्याच कप्प्यात लिहीत गेले तर १०,००० किलोमीटरांतच त्याची मर्यादा गाठली जाते. यावर उपाय आहे. कप्पे आळीपाळीने वापरावयाचे. पण आरंभीच्या आकड्यास साक्ष कोण, याला तसा उपाय नाही. हस्तलिखितांच्या नकलांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हा प्रश्न अपरिचित वाटू नये. नकलाकार प्रामाणिक असला, तरी त्याची नक्कल म्हणजे मूळ पोथी नव्हे. त्यातून येथील मूळही निर्दोष नव्हते, कारण मध्यंतरी काही महिने केबल तुटलेली होती आणि त्या काळातील अंतर त्यात आलेच नव्हते, असे वडिलांनीच सांगितले.

त्या विद्यार्थ्याने शेवटी दोन आकडे ठेविले. एक जुना, ‘पूर्वीचे’ अशा नावाने, कधीही न बदलणारा; दुसरा शून्यापासून सुरू झालेला. काढलेले मीटर त्याने केबलसकट फडक्यात गुंडाळून कपाटात ठेविले आहे. आकडा पाहावयास कोणी मागितला तर ते काढून दाखवितो. मुलगा गाडी घेऊन निघाला म्हणजे वडील आजही दारातून बजावतात, “काटा साठच्या पुढं जाऊ देऊ नकोस रे.”