भाडेकरूचा जामीन

भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावात नवख्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो ‘कोणाचे पाव्हणे?’ हा. उत्तरात ओळखीचे नाव निघाले, की पुढचे सारे सोपे होते. याच गावचा तरुण नोकरीसाठी जालन्यास किंवा पुण्यास जातो, तेव्हा घरमालक तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतो: आधी कोठे राहत होता? तेथील मालक तुमच्याविषयी दोन शब्द सांगतील काय? घर बदलताना जुन्या मालकाची शिफारस मागण्याची ही रीत नवी दिसते. तिचे मूळ मात्र जुने आहे.

मराठी राज्यात गावोगाव मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. उपरी बाहेरून येऊन कौलाने जमीन कसणारा. परक्यावर विश्वास ठेवायचा तर मध्ये कोणीतरी उभे राहावे लागे. म्हणून जामीनकतबा लिहून घेत. माणूस हजर राहील याची हमी देणारा तो हाजिरजामीन, पैशाची हमी देणारा तो मालजामीन आणि वर्तनाची हमी देणारा तो फैलजामीन. जुन्या घरमालकाची शिफारस म्हणजे, आमच्या मते, या फैलजामिनाचाच आजचा अवतार होय.

मुंबईत गिरण्या वाढल्या आणि कोकण-घाटावरची माणसे तेथे लोटली. त्यांच्यापाशी कागद नव्हता. गाववाला होता, भाऊबंद होता, गिरणीतला मुकादम होता. काम असो, उधारी असो वा राहण्याची खोली, यांच्यापैकी कोणाचा तरी शब्द पाठीशी लागे. या शब्दाने हजारोंना आसरा दिला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु ज्याच्यासाठी कोणीच शब्द टाकणार नाही, त्याचे काय?

याचे उत्तर 1917 साली बडोद्यात मिळाले. कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यास आले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. पारशी नाव नोंदवून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एक हिंदू व एक ख्रिस्ती असे दोन मित्र होते; दोघांनीही घरात घेण्याचे टाळले. अखेर काही तास बागेत बसून त्यांनी मुंबईची गाडी धरली. विद्या होती, पद होते, भाडे देण्याची ऐपत होती; जामीन तेवढा नव्हता. चारित्र्याची हमी मागणारा समाज पुष्कळदा जातीचीच चौकशी करीत असतो, हे या घटनेने उघडे केले.

कायदा यात हळूहळू शिरला. मुंबईत 1918 व 1947 साली भाडेनियंत्रणाचे कायदे झाले. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा 1954 चा कायदा होता. 31 मार्च 2000 पासून 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा राज्यभर लागू झाला. त्यानुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. भाडे घेतल्याची लेखी पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे.

या पावतीचे महत्त्व आपण ओळखत नाही. शिफारस ही मर्जी आहे. मालक रुसला, तर ती मिळत नाही. पावती हा हक्क आहे. तीन वर्षांच्या छत्तीस पावत्या आणि नोंदलेला करार ज्याच्या हाती आहे, त्याला आपण भाडे चुकवीत नाही हे सांगण्यास कोणाच्या दारी जावे लागत नाही. शिफारस मिळत असेल तर जरूर घ्यावी. पण तीत भाडे वेळेवर दिले काय आणि घर नीट ठेवले काय, एवढेच असावे. आडनाव, जात आणि चुलीवर काय शिजते, हे विचारणाऱ्याला घराची काळजी नसते.

धावड्याहून निघालेल्या मुलाला शहरात ओळख नसेल. तरी त्याच्या पावत्यांनी त्याचा जामीन व्हावे आणि आपण घरमालकांनी तो मानावा, एवढी सुधारणा आपल्या हातची आहे.